एकास चोवीस

जगातल्या बहुतेक छंदांमध्ये एक सोय असते: माणूस काय करतोय ते बघणाऱ्याला कळतं. तबला शिकणाऱ्याचा शेजाऱ्यांना त्रास होत असेल, पण तो तबला शिकतोय याबद्दल कुणाला शंका नसते. याउलट पन्नाशीचा गृहस्थ रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून, चष्म्यावर भिंग चढवून, चिमट्यात काहीच नसताना काहीतरी असल्याच्या आविर्भावात श्वास रोखून बसला असेल, तर घरचे त्याला हाक मारत नाहीत. आधी एकमेकांकडे बघतात. वास्तविक त्या चिमट्यात मोटारीच्या दाराचं हँडल असतं. खरं हँडल दहा सेंटिमीटरचं, हे चार मिलिमीटरचं. श्वास एवढ्यासाठी रोखायचा, की हे फुंकरीनं उडतं आणि उडालेलं सापडत नाही.

प्लास्टिकच्या किटमधून छोट्या मोटारी बांधणाऱ्यांची अशी एक जमात आहे आणि मी तिच्यातला आहे. सुरुवातीला माणूस किटमध्ये दिलेली गाडी दिलेल्या कागदाबरहुकूम बांधतो. मग त्यात त्याला कमीपणा वाटू लागतो. मग तो एका गाडीचा सांगाडा, दुसरीची चाकं आणि तिसरीच्या सीटा घेऊन चौथीच गाडी उभी करतो. ती कुठल्याच कारखान्यात तयार झालेली नसते, आणि याचा त्याला अभिमान असतो. बाहेरच्यांना वाटतं, हा जग लहान करण्याचा छंद आहे. माझा अनुभव उलटा आहे. एकास चोवीस या प्रमाणात फक्त मोटार लहान होते. बाकी काहीही लहान व्हायला तयार नसतं, आणि आमचं आयुष्य त्या बाकीच्याशी भांडण्यात जातं.

उदाहरणार्थ, धूळ. पुण्यातली धूळ एकास एक प्रमाणातच पडते. बॉनेटवर ओला रंग असताना त्यावर डोक्यातला एक केस पडला, तर त्या गाडीच्या दुनियेत तो दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची आणि हातभर-दोन हात लांबीची तार असतो. खऱ्या गाडीवर अशी तार पडली तर लोक वीज मंडळाला फोन करतील. किंवा रंगच घ्या. खऱ्या मोटारीवरचे रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा भरतात. तेवढाच थर चोविसाच्या गाडीवर दिला, की तो खऱ्या गाडीवर सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यागत होतो. दारांच्या फटी बुजतात, गाडी गारठ्यात शाल पांघरून बसलेली दिसते. म्हणून रंग द्यायच्या आधी आम्ही त्या फटी सुईनं कोरून खोल करतो, म्हणजे मग त्या पुन्हा बुजल्या की बरोबर होतात. हे वाक्य मी घरी मोठ्यानं म्हटलं होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

एकच गोष्ट मात्र नको तितकी लहान होते: वजन. लांबी चोवीस पट कमी झाली की घनफळ चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पट कमी होतं. नऊशे किलोची गाडी पासष्ट ग्रॅमवर येते. आता पासष्ट ग्रॅमच्या गाडीचे टायर काही ओझ्यानं खाली फुगत नाहीत आणि स्प्रिंगाही दबत नाहीत. त्यामुळे सगळं अचूक बांधूनही ती जमिनीला टेकल्यासारखी वाटत नाही. पाहुणा सोफ्याच्या कडेवर बसतो तशी अवघडून उभी राहते. मग टायरांची खालची बाजू पॉलिश पेपरवर घासून सपाट करायची. गुरुत्वाकर्षणाचं काम पॉलिश पेपरकडून करून घेणारा हा माझ्या माहितीतला एकमेव व्यवसाय.

पण चोवीसच का, असं विचारलं की जमातीतले लोक गंभीर होतात. फुटाला अर्धा इंच धरला की एकास चोवीस, इथवर शहाणपण आहे. मग अमेरिकनांनी पंचवीस धरलं, कारण तिथल्या मोटारविक्रेत्यांसाठी ज्या नमुन्याच्या छोट्या गाड्या आधीपासून बनत होत्या, त्या पंचविसाच्या होत्या. चार मीटरची गाडी चोविसात जितकी होते, त्याहून पंचविसात सात मिलिमीटरनंही कमी होत नाही. या सात मिलिमीटरवरून माणसांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलेलं मी पाहिलंय. युरोपातल्या धातूच्या छोट्या गाड्या एकास त्रेचाळीस, कारण त्या खेळण्यातल्या आगगाडीच्या शेजारी शोभायला हव्या होत्या, आणि ब्रिटनमध्ये त्या आगगाडीचं माप होतं फुटाला सात मिलिमीटर. एकाच मापात फूट आणि मिलिमीटर घालणाऱ्या देशानं दीडशे वर्षं आपल्यावर राज्य कसं केलं, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. हॉट व्हील्सच्या गाड्या एकास चौसष्ट म्हणतात. प्रत्यक्षात तिथे गाडी पाकिटाच्या मापाची होते, त्यामुळे ट्रक आणि चिमुकली मोटार खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. पण सगळ्यात मला आवडते ती पस्तिसाची कथा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या तामिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं किट काढलं. तो चालता हवा होता, म्हणून पोटात मोटर आणि दोन सेल मावतील एवढा त्यांनी तो केला. नंतर माप काढलं तर ते पस्तिसाच्या जवळपास निघालं. आज जगभर रणगाडे बांधणारे लोक एकास पस्तीसवर जीव टाकतात, भिंग घेऊन खिळे मोजतात, आणि या सगळ्याच्या मुळाशी बाजारात मिळणाऱ्या सेलचं माप आहे.

सुट्या भागांचा नाद कुणी लावला, हेही सांगता येतं. १९५८ साली मिशिगनमधल्या एएमटी या कंपनीनं एकाच खोक्यात तीन गाड्यांचा माल द्यायला सुरुवात केली. गाडी साधी बांधा, नटवून बांधा किंवा शर्यतीची बांधा. बांधता एकच येणार, कारण सांगाडा एकच. पोरगं शर्यतीची बांधायचं आणि उरलेल्या दोन गाड्यांचे बंपर, दिवे, चाकांच्या टोप्या खोक्यात राहायच्या. दुसरं किट आलं की खोक्यात आणखी भर. कंपनीला वाटलं, आपण निवड दिली. प्रत्यक्षात तिनं पोरांना भंगारवाला केलं. पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला. त्यातल्या अवकाशयानांच्या अंगावर जी गुंतागुंतीची यंत्रं दिसतात, ती बरीचशी रणगाड्यांच्या, जहाजांच्या, गाड्यांच्या किटमधले सुटे भाग चिकटवून केलेली आहेत. मी हे बायकोला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, “त्यांचं निदान उडालं.”

माझा डबा श्रीखंडाचा आहे. म्हणजे पाच होते, आता किती आहेत ते घरी विचारायचं नाही. त्यात चाकं, आरसे, अर्धी इंजिनं, एका ट्रकचा सायलेन्सर आणि डाव्या बाजूची बरीच स्टिअरिंगं आहेत. जपानी किटमध्ये कधीकधी डावा आणि उजवा असे दोन्ही डॅशबोर्ड येतात, तेव्हा भारतीय माणसाला गहिवरून येतं. जे डब्यात नाही ते घरात असतं. इंजिनाच्या वायरींना बिघडलेल्या इअरफोनच्या आतली तार. गोळ्यांच्या पाकिटाचा फुगवटा कापला की हेडलाइटची काच. ऑलपिनचं डोकं म्हणजे गिअरची मूठ. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात, तिचा एक तुकडा ज्योतीवर धरून मऊ पडला की दोन्ही बाजूंनी ओढायचा. केसाएवढी बारीक सळई निघते, ती एरियल. ज्योत मेणबत्तीची घ्यावी असं पुस्तकं सांगतात. आमच्याकडे निरांजन तयारच असतं, पण एरियल ओढायला देवासमोर जाण्यावर घरात मतभेद आहेत. नेल पॉलिशनं गाडी रंगवणारे लोकही आहेत आणि ते वेडे नाहीत. ते मोटारीच्या जुन्या लॅकर रंगाचंच भावंड. फक्त “ही शेड कुणाकडे पाहिलीस?” या प्रश्नाला “लँबॉर्गिनीवर” हे उत्तर सुसंवादाला पोषक नसतं.

आणि पडलेले भाग. ते शोधायची शास्त्रीय पद्धत अशी: खोलीतले दिवे मालवायचे, आपण जमिनीवर पालथं पडायचं आणि टॉर्च लादीला टेकवून आडवा मारायचा. भाग कितीही लहान असला तरी त्याची सावली लांब पडते. या अवस्थेत शेजारचे सोसायटीची वर्गणी मागायला आले तर उठू नये, अधिक संशय येतो. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी यावर स्वतःची योजना काढली आहे. फ्रिजवर त्यांनी एक वाटी ठेवलीय. केरात जे जे ‘दादांचं’ दिसेल ते त्या वाटीत टाकतात. गेल्या खेपेला त्यात एक वायपर, आरशाची दांडी, उदबत्तीचं जळकं टोक आणि डाळिंबाचे दोन दाणे होते. उदबत्तीचं टोक मी वापरलं. सायलेन्सरला छान बसलं.

या सगळ्या विद्येचा कळस म्हणून मी पद्मिनी घ्यायची ठरवली. प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यानं बनलेली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, पुढच्या अखंड सीटवर ड्रायव्हरशेजारी आणखी दोन माणसं बसवणारी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा रस्ता संपला. त्या आठवड्यात पेपरांत इतके हळवे लेख आले, की तिच्यात बसून ज्यांची कंबर मोडली होती तेही हळवे झाले. मला हवं तसं किट मिळेना. एका जपानी गाडीचा सांगाडा कापून लांबीला बेतला, बॉडी प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून लांबी भरून घडवायची ठरवली. दोन्हीकडे ‘लांबी’ आहे, पण पहिली पट्टीनं मोजतात आणि दुसरी पत्र्यानं भरतात.

आता मोजमाप. या बाबतीत आमच्या जमातीचं दैवत म्हणजे शुनसाकु तामिया. सत्तरच्या दशकात रिमोटवर चालणारी पोर्शे ९३४ काढायची होती, तेव्हा या गृहस्थानं खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापं घ्यायला सुटी केली. सुटी झाली, पण परत जुळेना. शेवटी पोर्शेची माणसं बोलवावी लागली. ज्या कंपनीच्या किटमधले सूचनांचे कागद जगात सर्वोत्तम मानले जातात, तिच्या मालकाची ही गोष्ट आहे, म्हणून मी ती डोळ्यांत पाणी आणून सांगतो.

माझी ऐपत टेपची होती. आमच्या मागच्या गल्लीत एका काकांची पद्मिनी कव्हराखाली असते. मी टेप घेऊन गेलो. कव्हराचं टोक उचललं, तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, “विकायची नाहीये!”

“विकत नकोय काका, मोजायचीय.”

“मोजून?”

“छोटी बनवणार.”

काका खाली आले. त्यांनी बराच वेळ विचार केला. “छोटी म्हणजे, पेट्रोल कमी खाईल अशी?”

मी समजावून सांगितलं. काकांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं, डिकी उघडून दाखवली, १९८२ साली महाबळेश्वरच्या घाटात ती एकदाही तापली नव्हती हे सांगितलं, चहा मागवला. सगळं सुरळीत चाललं असताना माझ्या तोंडून टॅक्सी हा शब्द निघाला. टेपचं टोक सुटलं आणि सर्रकन माझ्या हातावर येऊन आपटलं.

“माझ्या गाडीची टॅक्सी करणार?”

“तुमच्या गाडीची नाही काका, तुमच्या मापाची.”

“आणि तीसुद्धा मुंबईची?”

पुण्याच्या माणसाच्या काळजाला कुठे हात लावू नये, हे मला कळायला हवं असं त्यांचं म्हणणं पडलं. अखेर तडजोड झाली. टॅक्सी तर टॅक्सी, पण डॅशबोर्डवरचा गणपती त्यांच्या गाडीतला असावा. खरा गणपती पाच सेंटिमीटरचा आहे. चोविसात तो दोन मिलिमीटरचा होतो. मी हो म्हटलं. जाता जाता काकांनी बजावलं, “सोंड डावीकडे. उजवीकडे वळली तर सोवळं पाळावं लागतं, आणि टॅक्सीत ते कोण पाळणार?” दोन मिलिमीटरच्या गणपतीची सोंड कुठे वळली आहे हे पाहायला भिंगही पुरत नाही. सुईच्या टोकानं ती मी वळवली, डावीकडेच वळवली, आणि पुढे काका संध्याकाळी फिरताना दिसले की आधी हात डावीकडे वळवून दाखवू लागलो.

बॉडी उभी राहिली आणि पाऊस लागला. पावसाळ्यात लॅकर मारू नये. हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते आणि काळ्या गाडीवर दुधाची साय आल्यागत पांढरट झाक येते. त्यामुळे आमचा चातुर्मास कडक असतो. फक्त त्यात कांदा-लसूण चालतं, स्प्रे चालत नाही. या महिन्यांत लोक नवी किटं घेतात आणि कपाटाच्या वर, जुन्या ब्लँकेटांच्या मागे ठेवतात. अशा न उघडलेल्या किटांची संख्या आणि माणसाचं उरलेलं आयुष्य यांचा हिशेब कुणी मांडत नाही. यावर अधिक लिहिणं मला घरच्या दृष्टीनं परवडणारं नाही.

पावसाळा सरला तेव्हा प्रश्न आला टॅक्सीच्या पिवळ्याचा. दुकानातल्या बाटलीत मिळणारा पिवळा एक तर जर्मनीचा असतो नाहीतर शर्यतीचा. म्हणून नाना पेठेत गेलो. गाडीचा कुठलाही नटबोल्ट मिळणार अशी ती पेठ. तिच्या एका बोळात डेंटिंग-पेंटिंग करणारे एक उस्ताद आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी कुर्ल्यात टॅक्स्या रंगवण्यात घालवली. मी पिशवीतून सोळा सेंटिमीटरची बॉडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. ते एका स्विफ्टच्या दारात लांबी भरत होते. त्यांनी बॉडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बोळाच्या टोकाकडे, माझ्यासोबत कुणी मोठं माणूस आलंय का ते बघायला.

“इन्शुरन्सचं काम आहे?” त्यांनी विचारलं.

पण पिवळ्याचं नाव काढताच माणूस बदलला. “कुठला पिवळा पाहिजे? नवा, की दोन पावसाळे झालेला, की पासिंगच्या आदल्या दिवशी घाईनं मारलेला? तिघांचा रंग वेगळा.” मी दोन पावसाळ्यांचा मागितला. त्यांनी झाकणात पिवळा ओतला, काडीनं नारिंगीचा एक थेंब, काळ्याचा नुसता वास. मग बॉडी उचलून डोळ्यांजवळ धरली, पुन्हा लांब धरली आणि म्हणाले, “चीज छोटी आहे. खरा रंग ह्याच्यावर भडक दिसेल. थोडा पांढरा घालतो.” मी थक्क झालो. आमच्या जमातीत या मुद्द्यावर लोक तावातावानं लिहितात: मॉडेल हातभर अंतरावरून पाहणं म्हणजे खरी गाडी रस्त्याच्या पलीकडून पाहणं, आणि लांबची वस्तू डोळ्याला फिकट दिसते, म्हणून रंगात पांढरा मिसळावा की नाही, आणि किती. उस्तादांनी हा वाद झाकणात मिटवला आणि काडी पँटला पुसली.

तेव्हापासून मी दर टप्प्याला गाडी दाखवायला जाऊ लागलो. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यापाशी बाहेर बसणारा लोखंडी मीटर त्यांनी पास केला. कॅरिअर पास केला. व्हीलकॅप तीनच लावल्या म्हणून खास शाबासकी मिळाली. चौथी नसणं हीच खूण, म्हणाले. फक्त गंजावरून आमचं वाजलं. गंज आम्ही लोक फार प्रेमानं लावतो. मी त्यासाठी गेरू वापरतो, कुंड्यांना लावतात तोच. गेरूत लोहाचा ऑक्साइड असतो आणि गंजातही तोच, म्हणजे माझ्या गाडीचा गंज रसायनशास्त्राच्या दृष्टीनं घराणेदार आहे. दारांच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या आत, कोरड्या ब्रशनं तो मी महिनाभर चढवत होतो. उस्तादांनी तो अंगठ्यानं पुसून पाहिला.

“हे काय?”

“गंज.”

“स्वतः लावला?”

“हो.”

त्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला. “साहेब, तीस वर्षं झाली. लोक माझ्याकडे हे काढायला येतात. रडतात. पैसे कमी करा म्हणतात. आणि तुम्ही...” पुढे त्यांना बोलवेना. आत काम करणाऱ्या पोराला त्यांनी हाक मारली, “ए, इकडं ये, बघ. साहेबांनी गंज लावला.” पोरानं बघितलं आणि विचारलं, “किती घेता?”

गाडी पूर्ण झाली तेव्हा ती घेऊन मी शेवटचा गेलो. उस्तादांनी हात पुसले, ती तळव्यावर घेतली आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिली. छपराचा पिवळा, मीटर, आतल्या छताला लावलेलं फुलाफुलांचं कापड, डॅशबोर्डवरचा ठिपका.

“गणपती आहे,” मी म्हणालो. “डाव्या सोंडेचा.”

“दिसतंय,” ते म्हणाले. कसं दिसलं ते देव जाणे. “सगळं बरोबर आहे. एकच चूक. ही गाडी वीस वर्षं मुंबईत चालली आणि हिला एकदासुद्धा कुणी ठोकलं नाही?”

“डेंट करतो मी.”

“तुम्ही नका. तुमचा गंज चांगला आहे, पण डेंटचं नाही जमणार. तुम्ही विचार करून माराल.”

त्यांनी पोराकडून चहाचा चमचा मागवला, शेजारच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर तापवला, आणि मी तोंड उघडायच्या आत डाव्या मडगार्डवर उलटा टेकवून अंगठ्यानं हलकेच दाबला. मडगार्ड आत गेलं. एखादी बेस्टची बस वळताना घासावी, नेमकं तेवढंच. मागच्या बाजूचा पत्रासुद्धा जिथे उचलायला हवा तिथे उचलला होता. मी भिंग लावून बराच वेळ बघत राहिलो.

“किती झाले?” मी विचारलं.

“पाडायचे काही नाही,” उस्ताद स्विफ्टकडे वळत म्हणाले. “काढायचा असला तर बुधवारी आणा. काढायचे पैसे लागतील.”